गावकुसाबाहेरची गणती

2017 च्या उन्हाळ्यात आमच्या भजनी मंडळात एक कागद फिरला. महिन्यातून एका शनिवारी आम्ही वीस-पंचवीस माणसं कुणाच्या तरी घरी जमतो. हरिपाठ होतो, चार अभंग होतात, मग जेवण. त्या दिवशी पसायदान झालं आणि ताटं मांडायच्या आत एका काकांनी छापील पत्रांचा गठ्ठा बाहेर काढला. ब्रिटिश सरकारने जातिभेदाच्या कायद्याबद्दल लोकांची मतं मागवली होती. पत्रातला मजकूर तयारच होता: या देशात जातिभेद उरलेला नाही, समानतेच्या कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला तर हिंदू समाजाची नाहक बदनामी होईल, सबब तो घालू नये. खाली नाव, पत्ता आणि सही एवढंच भरायचं होतं. मी सही केली. काकांना सगळ्यांदेखत नाही म्हणणं जड गेलं हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. मला तो मजकूर पटला होता.

माझ्या शेजारच्या ताईंनी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, “चष्मा घरी राहिलाय, नंतर देते.” थोड्याच वेळापूर्वी त्यांनी वहीत बघून चोखोबांचा अभंग म्हटला होता, चष्मा लावून. मला ते तेव्हा खटकलंसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

मी मूळची मंगळवेढ्याची. वीस वर्षांहून जास्त काळ इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहते आणि दुभाषी म्हणून काम करते. दवाखान्यात, कौन्सिलच्या कचेरीत, कधी न्यायाधिकरणापुढे मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांचं म्हणणं इंग्रजीत सांगायचं आणि इंग्रजीतलं त्यांना. माझ्या कामात शब्द इकडचा तिकडे झाला तर माणसाचं नुकसान होतं. म्हणून त्या कागदावरच्या एका शब्दाबद्दल मला आधी लिहायचं आहे. सही करताना मी त्याचाच विचार केला नव्हता.

ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात वंशावरून भेदभाव करायला मनाई आहे, आणि वंश म्हणजे काय तेही तिथे लिहिलं आहे: रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ. जातीचं नाव त्यात नाही. मात्र ‘मंत्री आदेश काढून जातीचा समावेश करू शकतील’ असं एक पोटकलम होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सरकारनेच नेमलेल्या संशोधकांचा अहवाल आला. नोकरीत, शिक्षणात आणि सेवा देताना जातीवरून भेदभाव आणि छळ होत असल्याचे पुरावे त्यांना सापडले होते. तरी सरकार हललं नाही. मग 2013 च्या एप्रिलमध्ये संसदेने ‘करू शकतील’च्या जागी ‘केलाच पाहिजे’ असं घातलं. दोन क्रियापदांतलं हे अंतर केवढं असतं, ते माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. 2017 चं मत मागवणं हे त्या ‘केलाच पाहिजे’चं पुढचं पाऊल असायला हवं होतं. प्रश्न मात्र निराळाच विचारला गेला: कायद्यात शब्द घालायचा, की न्यायालयाच्या एका निकालावर भागवायचं?

तो निकाल ज्या प्रकरणातला, ते माझ्याच शहरात घडलं. बिहारमधून आणलेली एक आदिवासी बाई 2008 पासून चार वर्षांहून जास्त काळ इथल्या एका भारतीय कुटुंबाच्या घरी राबत होती. दिवसाचे अठरा तास, आठवड्याचे सातही दिवस. हातात पडत होते तासाला 11 पेन्स. झोपायला जमिनीवर गादी. न्यायाधिकरणाने हे सगळं खरं धरलं आणि 2015 मध्ये तिला नुसत्या बुडवलेल्या किमान वेतनापोटी 1 लाख 83 हजार पौंडांहून अधिक रक्कम द्यायला लावली. तिर्की खटला म्हणून तो ओळखला जातो. बातम्यांमध्ये भर अर्थातच पैशांवर होता. मला त्यातली दुसरीच ओळ विसरता येत नाही. ती बाई ख्रिस्ती होती. तिला तिचं बायबल सोबत आणू दिलं नव्हतं आणि चर्चला जाऊ दिलं जात नव्हतं.

ज्या वर्षांत ती तिथे होती, त्या वर्षांत मी त्याच शहरातल्या गोलाकार चौकांमधून गाडी वळवत एकादशीच्या भजनाला जात होते. माझा देव मला मोकळा होता. तिचा देव तिच्यापासून दोन मैलांवर होता आणि तिला दार उघडून जाता येत नव्हतं. धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय, हे मला अनेक व्याख्यानांतून कळलं नाही ते या एका ओळीतून कळलं. उशिरा कळलं, सही करून झाल्यावर.

डिसेंबर 2014 मध्ये अपील न्यायाधिकरणाने याच खटल्यात म्हटलं की ‘वांशिक मूळ’ या शब्दांत जात सामावू शकते. सामावू शकते. म्हणजे पुन्हा तेच ‘शकते’. ज्या माणसावर अन्याय झाला त्याने प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करायचं की माझी जात या शब्दांत बसते. रंगावरून अपमान झालेल्याला हे करावं लागत नाही, कारण ‘रंग’ हा शब्द तिथे लिहिलेला आहे.

काकांच्या पत्रात आणखी एक मुद्दा होता: जात ही इंग्रजांनी जनगणनेतून घडवलेली गोष्ट आहे, हिंदू धर्मात ती नव्हतीच. परदेशात हे फार ठामपणे सांगितलं जातं आणि मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. यातला थोडा भाग खरा आहे. ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘कास्ता’वरून आला, आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून तो युरोपात गेला. इंग्रजांनी जाती मोजल्या, रकाने पाडले, त्यांना क्रम लावले, त्यामुळे पुष्कळ गोष्टी ताठरल्या, हेही खरं. पण मी मंगळवेढ्याची आहे. आमच्या गावात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली दबून चोखोबा गेले. परंपरा ते वर्ष 1338 सांगते. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी वेचल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात कुणी जाऊ दिलं नाही, तेव्हा या किनाऱ्यावर एकही पोर्तुगीज नव्हता आणि इंग्रज तर नव्हताच. परका शब्द नाकारून आपली वस्तू नाहीशी होत नाही. जी भिंत त्यांना गावाबाहेर ठेवत होती, तीच बांधायला त्यांना वेठीला धरलं होतं, आणि पंढरपुरात त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे, दाराच्या बाहेर.

हा आमचाच संत आहे. आमच्याच धर्माने त्याला संत मानलं आणि आमच्याच धर्माने त्याला बाहेर ठेवलं. कायद्याला विरोध करणारे म्हणतात की हा धर्मावर घाला आहे. मला विचारायचं आहे, कुणाच्या धर्मावर? चोखोबांचा धर्म हिंदू नव्हता का? ताईंचा नाही का?

तरी विरोधकांची भीती मी थट्टेवारी नेणार नाही, कारण ती माझ्याही घरात येऊन गेली आहे. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना धर्मशिक्षणाच्या तासाला फळ्यावर जातींचा पिरॅमिड काढला गेला आणि वर्गातल्या एकुलत्या एका हिंदू मुलाला, म्हणजे त्याला, विचारलं गेलं, “तू यात कुठे?” तो घरी येऊन रडला. हजारो वर्षांचा धर्म एका त्रिकोणात बसवून मुलांपुढे ठेवणं हा अन्याय आहे, आणि हिंदूंनी त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. मी शाळेला पत्र लिहिलं होतं. पण समानतेचा कायदा कुणाला जात विचारत नाही. जातीवरून कुणी कुणाचं नुकसान केलं, तर त्या माणसाला दाद मागता यावी, एवढंच तो करतो. माझ्या मुलाला विचारलेला प्रश्न आणि एखाद्या कारखान्यात फोरमनने नव्या कामगाराला आडनावावरून खोदून विचारलेला प्रश्न एकाच जातीचा आहे. पहिला थांबावा म्हणून मी धडपडले. दुसरा थांबू नये म्हणून मी सही केली.

इथल्या कायद्याने धर्म आणि जन्म यांची गाठ यापूर्वीही सोडवली आहे, आणि त्यातल्या एका निकालाचा लाभ आपल्याच लोकांना झाला. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेने पगडी आणि केस ठेवणाऱ्या शीख मुलाला प्रवेश नाकारला. शाळेचं म्हणणं, शीख हा धर्म आहे आणि कायदा वंशाबद्दल आहे. 1983 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, जे तेव्हा देशाचं सर्वोच्च न्यायालयही होतं, मंडला खटल्यात ठरवलं की शीख हा ‘वांशिक’ गटही आहे. तेच दोन शब्द, वांशिक मूळ. ते ताणून मोठे केले म्हणून आज पगडी बांधून पोरं शाळेत जातात.

दुसरा निकाल याहून अवघड आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. लंडनमधल्या जेएफएस या ज्यू शाळेने एका मुलाला प्रवेश नाकारला. आई धर्मांतर करून ज्यू झाली होती, पण ते धर्मांतर तिथल्या प्रमुख धर्मगुरूंच्या कार्यालयाला मान्य नव्हतं. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं. शाळेच्या मनात द्वेष नव्हता, ती आपलं शास्त्र प्रामाणिकपणे पाळत होती. न्यायमूर्तींनीही हे मान्य केलं. तरीही डिसेंबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी निकाल दिला की जन्माच्या वंशावळीवरून दार बंद करणं हा वंशभेदच आहे, हेतू कितीही शुद्ध असो. पाचास चार. इतक्या थोड्या फरकाने का, हे वाचताना लक्षात येतं. धर्माचं स्वतःचं असं एक अंगण असतं आणि राज्याने त्यात पाऊल टाकताना दहा वेळा विचार करावा, हे मलाही मान्य आहे. पण जन्माने ठरणारी पायरी त्या अंगणात आहे, एवढ्यावरून ती राज्याच्या नजरेआड जात नाही. ज्यू समाज त्या निकालाने हादरला, शाळेने प्रवेशाचे नियम बदलले. शाळा चालू आहे, धर्मही चालू आहे.

आणि आपण हिंदू इथे काय करतो? हक्क मागतो, मागायलाच हवेत. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये भक्तिवेदान्त मॅनर हे कृष्णाचं मोठं मंदिर आहे. शेजाऱ्यांना गर्दीचा त्रास होतो म्हणून कौन्सिलने तिथल्या सार्वजनिक पूजेवर बंदी आणली होती. भाविकांनी मोर्चे काढले, युरोपच्या मानवी हक्क आयोगाचं दारही ठोठावलं. तिथे दाद मिळाली नाही, पण लढा चालू राहिला आणि 1996 मध्ये सरकारने वेगळ्या रस्त्याला परवानगी देऊन मंदिर खुलं ठेवलं. आम्ही आजही जन्माष्टमीला तिथे अभिमानाने जातो. तेव्हा कुणी म्हटलं नाही की मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे आणि तिने आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये.

2013 ची ‘केलाच पाहिजे’ची दुरुस्ती संसदेच्या वरच्या, लॉर्ड्सच्या सभागृहात कुणी लावून धरली होती, हे मला नंतर कळलं. रिचर्ड हॅरिस यांनी, जे ऑक्सफर्डचे बिशप होते. मंडळातले एक जण म्हणाले, “बघा, शेवटी मिशनरीच.” हा संशय आपल्याकडे जुना आहे आणि त्याला कारणंही आहेत. म्हणून मी त्या चर्चचा इतिहास थोडा खणून पाहिला. मिळालं ते कुणाच्याच सोयीचं नव्हतं.

बार्बाडोस बेटावर कॉड्रिंग्टन नावाचे उसाचे मळे होते. 1710 मध्ये मालकाने मृत्युपत्राने ते चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रसारक सोसायटीला दिले, गुलामांसकट. तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागला जात असे. 1833 मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना. सोसायटीला 411 माणसांबद्दल 8,823 पौंड मिळाले. त्या माणसांना काही नाही. त्याच काळात त्याच चर्चमधले श्रद्धाळू लोक गुलामगिरीविरुद्ध गावोगाव सह्या गोळा करत होते. बायबल एकच होतं. 2006 मध्ये चर्चच्या महासभेने माफी मागितली आणि 2023 च्या जानेवारीत, आपल्या जुन्या निधीचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध होता हे कबूल करून, 10 कोटी पौंड बाजूला काढायचं जाहीर केलं.

आणि ज्या 2013 मध्ये एक माजी बिशप जातीखाली दबलेल्यांसाठी उभा राहिला, त्याच 2013 च्या जूनमध्ये त्याच सभागृहात कँटरबरीचे आर्चबिशप समलिंगी विवाहाच्या विधेयकाविरुद्ध बोलले. समानता कायद्यात धर्मसंस्थांना आजही काही सवलती आहेत. धर्मगुरू नेमताना स्त्री-पुरुष भेद करता येतो. या चर्चमध्ये पहिली स्त्री बिशप झाली ती 2015 मध्ये. तेव्हा ‘धर्माचा आवाज’ म्हणून कुणी बोलायला उभं राहिलं की मी आता आवाजाकडे कमी बघते आणि बोलणाऱ्याचे पाय कुठे आहेत ते बघते. उंबऱ्याच्या आत आहेत की बाहेर? दुसऱ्याच्या घरातला अन्याय दिसणं सोपं असतं. तो बिशप आमच्याबद्दल बोलला ते बरोबर बोलला, आणि त्याच्या चर्चने स्वतःबद्दल बोलायला दोनशे वर्षं लावली, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे मात्र घरातल्याच माणसांनी बोलायची परंपरा आहे, आणि परदेशातल्या वादात नेमकी तीच कुणी काढत नाही. साने गुरुजींनी 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. ते देवाला मानणारे होते. विठ्ठल सगळ्यांचा नसेल तर माझं जगणं कशाला, अशी त्यांची व्याकुळता होती. दहा दिवसांनी मंदिर हरिजनांना खुलं करायचं ठरलं. सांगतात की काही बडव्यांनी त्याआधी देवाचं तेज एका घागरीत काढून ठेवलं, विटाळ होऊ नये म्हणून. ही घागर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या भजनी मंडळात त्या शनिवारी फिरलेला कागद मला आता तसाच वाटतो. सगळे आत आलेले चालतात, फक्त आतलं जे खरं आहे ते वेगळं काढून ठेवायचं.

गुरुजींच्या उपोषणाने दार उघडलं. ते उघडं राहिलं ते कायद्यामुळे. राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, आणि 25 व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य देतानाच हिंदू देवस्थानं सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याकडे ठेवला. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा पंढरपूरचा कायदा 1973 चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं अंतिम शिक्कामोर्तब 2014 मध्ये झालं. चाळीस वर्षं लागली. माझा दादा मंगळवेढ्यात असतो, निवृत्त शिक्षक, दिंडीबरोबर चालणारा. तो फोनवर म्हणतो, “कायद्याने मनं बदलत नाहीत गं.” मी म्हणते, “दादा, मन बदलेपर्यंत त्या माणसाने कुठे उभं राहायचं?”

2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा होत असताना दादा त्याच्याही विरोधात होता. वारी बंद पडणार, असं त्याला कुणीतरी पटवलं होतं. 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी दादाला ते कलम वाचून दाखवलं. त्या आषाढीलाही तो चालत गेला होता, पुढच्याही गेला. “मला हे आधी कुणी वाचून दाखवलं असतं तर,” एवढं तो म्हणाला. मला वाटतं, आमच्या मंडळातल्या बहुतेकांचंही असंच आहे. ही वाईट माणसं नाहीत. कुणाच्या घरी आजारपण आलं तर महिनाभर डबे पोचवणारी आहेत. त्यांना पत्र मिळालं, कायदा कुणी वाचून दाखवला नाही.

महाराष्ट्राने याच्याही पुढचं पाऊल टाकलं आहे, आणि बाहेर राहणाऱ्यांना ते फारसं माहीत नसतं. 13 एप्रिल 2016 ला, डॉ. आंबेडकरांच्या 125 व्या जयंतीच्या आदल्या दिवशी, विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जुलै 2017 पासून तो लागू आहे. देशात असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. कुणाला वाळीत टाकलं, त्याच्याशी बोलणं-चालणं तोडलं, मयतीला खांदा नाकारला, देवळात येऊ दिलं नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोकणातल्या गावक्या आणि ठिकठिकाणच्या जातपंचायती यांच्या जाचातून माणसं सुटावीत म्हणून तो झाला. आणि त्याच्या मागे एक जुनी जखम आहे. मुंबई प्रांताने 1949 मध्येच धर्मसमाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला: बहिष्कृत करणं हा धर्मसंस्थेचा अंतर्गत कारभार आहे म्हणून. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरुद्ध होते. ज्याला बहिष्कृत करतात त्याला जवळजवळ अस्पृश्यच केलं जातं, अशी त्यांची मांडणी होती. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, कुठल्याही समाजात आतला दुबळा माणूस अडतो तो याच जागी. बाहेरच्या जगासाठी तो त्या समाजाचा, आणि समाजासाठी बाहेरचा.

इथल्या सरकारने 2017 मध्ये केलेली चूक हीच होती, असं मला वाटतं. मतं मागवली, ती मोजली. 16 हजारांहून अधिक उत्तरं आली. निम्म्याहून जास्त लोकांनी न्यायालयाच्या निकालावर भागेल असं सांगितलं, आणि जुलै 2018 मध्ये सरकारने जाहीर केलं की शब्द घालणार नाही, संसदेने घातलेली सक्तीही काढून टाकू. पण ज्याला दाराबाहेर ठेवलं आहे त्याने आत यावं की नाही, हे आतल्यांच्या सह्या मोजून कसं ठरवणार? पंढरपुरात 1947 मध्ये असं मतदान घेतलं असतं तर निकाल काय लागला असता? माझी सही त्या हजारांमध्ये आहे, किंवा असणार. ती परत घ्यायची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी मी ताईंना फोन केला. विलन तळ्याकाठी, शांतिस्तूपाजवळ आम्ही फिरायला गेलो. मी त्या कागदाचा विषय काढला. त्या बराच वेळ बदकांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. इंग्लंडला आल्या तेव्हा पहिल्या वर्षी मंडळातल्याच एकींनी प्रेमाने विचारलं होतं, तुम्ही कुठल्या, माहेरचं आडनाव काय. त्यांनी सांगितलं. त्यानंतर प्रसादाचा शिरा करायची पाळी त्यांच्याकडे कधी आली नाही. कुणी काही बोललं नाही, बोलायचीच गरज पडली नाही. त्या दरवेळी केळी घेऊन यायच्या, सोलून खायची असतात म्हणून. मी बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसून टाळ वाजवला आणि केळी खाल्ली.

“तुम्ही कधी म्हणाला का नाहीत?” मी विचारलं.

“कुणाला म्हणायचं? आणि कशाच्या जोरावर?”

शिऱ्याची पाळी कुठल्याही कायद्यात बसणार नाही, हे मला कळतं. तिचा निवाडा मंडळातच करायचा आहे, आणि मी तो विषय काढला. त्या बैठकीबद्दल इथे लिहीत नाही, कारण ती अजून संपलेली नाही. पण ताईंच्या मुलीला उद्या एखाद्या आपल्याच माणसाच्या कंपनीत बढती नाकारली गेली आणि तिने कारण ओळखलं, तर तिला जोर हवा. तो शब्द कायद्यात असणं हा तो जोर आहे.

या महिन्यात मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलं. मी हिंदू आहे, वारकरी घरातली आहे, आणि समानता कायद्याच्या नवव्या कलमात जातीचा स्पष्ट उल्लेख व्हावा असं माझं मागणं आहे. 2017 मध्ये मी याच्या उलट सही केली होती, ती चूक होती, असं त्यात लिहिलं. ताईंचा अनुभव त्यात घालावा का, हे पाठवण्याआधी त्यांना विचारलं. त्यांनी मसुदा मागवून घेतला, दोन दिवस ठेवला. मग फोन आला.

“माझं नाव घालू नका,” त्या म्हणाल्या. “पण केळ्यांचं लिहा.”